दोन दारांची खोली

माझी थोरली बहीण विद्यापीठाची लोकपाल आहे असं सांगितलं, की समोरचा माणूस आधी सावरून बसतो. त्याला वाटतं, हिच्या दाराशी गाडी उभी असणार, मागे-पुढे शिपाई असणार आणि हिने एक सही ठोकली की कुणाची तरी नोकरी जात असणार. मग मला सांगावं लागतं, की बाबा रे, तिला कुणालाही काहीही करायला लावायचा अधिकार नाही. शिक्षा करता येत नाही, हुकूम काढता येत नाही, साधी कुणाची रजा मंजूर करता येत नाही. "मग त्या करतात तरी काय?" असं तो विचारतो. आता खरं सांगायचं तर, एका घरात राहून, एका स्वयंपाकघरात वावरून, मलाही ते बरीच वर्षं नीट माहीत नव्हतं.

ढोबळ सांगते. विद्यापीठ म्हटलं की भांडणं आलीच. संशोधन करणाऱ्या मुलीचं तिच्या गाइडशी पटत नाही, दोन प्राध्यापक एकाच प्रयोगशाळेवरून हमरीतुमरीवर येतात, वसतिगृहातल्या दोघी खोलीच्या मधोमध दोरी बांधून राहतात. असं कुणीही ताईकडे जावं, बसावं, मनातलं ओकावं. ताई ऐकते. एकाचं ऐकते, दुसऱ्याचं ऐकते, दोघांची तयारी असेल तर एकत्र बसवते. बाजू कुणाचीच घेत नाही. आणि जे ऐकते ते तिच्या पोटात जातं ते जातंच, परत वर येत नाही. आमच्या घरात असलं पोट एकट्या तिच्याच वाट्याला आलं. आई आणि मी, आम्हाला सकाळी कळलेली गोष्ट दुपारपर्यंत आत ठेवायची म्हणजे जिवावर येतं.

प्रशासनाच्या इमारतीमागे, जिना आणि वाहनतळ यांच्यामध्ये तिची खोली आहे. तिला दोन दारं आहेत. एक आतल्या बोळात उघडतं, दुसरं वाहनतळाकडे. येणाऱ्याने एका दाराने यायचं, जाणाऱ्याने दुसऱ्या दाराने जायचं, म्हणजे समोरासमोर कुणी येत नाही. या दोन दारांसाठी ताईने अख्ख्या कचेरीचं डोकं खाल्लं होतं. आत एक गोल टेबल आणि चार खुर्च्या. त्यातली एक खुर्ची जरा उंच होती, तर हिने सुताराला बोलावून तिचे पाय कापून घेतले. "का गं?" मी विचारलं. म्हणाली, "उंच बसलेला माणूस आपोआप ओरडायला लागतो." घड्याळ नाही. पंखा आहे, पण तो फिरताना टक् टक् वाजतो आणि दुरुस्त करायला कुणी येत नाही.

आता हिच्या या धंद्याची सगळ्यात वाईट गोष्ट सांगते. हिला कुणी ओळख देत नाही. अहो, खरंच! हिच्याशी हसून बोललं तर बघणाऱ्याला वाटणार, 'अच्छा, म्हणजे यांचंही काहीतरी भांडण आहे.' त्यामुळे आम्ही दोघी आवारातून चालायला लागलो की समोरून येणारे शहाणेसुरते लोक एकाएकी बुटाची नाडी बांधायला खाली वाकतात. कुणी फोन कानाला लावतो. एक पदार्थविज्ञानवाले तर आम्हाला बघून चक्क मागे वळले आणि आले तसे निघून गेले. ताईने स्वतःच नियम घालून घेतलाय, की आपण आधी ओळख दाखवायची नाही. समोरच्याने दाखवली तरच हसायचं. समोरचा कशाला दाखवतोय? माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "तू काय यांचं घोडं मारलंयस का?" मी म्हणायची. ती म्हणायची, "अगं, चालायचंच." पण पुढे फाटकापर्यंत गप्पच असायची, हे मी पाहिलंय.

घरातही हीच तऱ्हा. आईला टीव्ही मोठ्याने लागतो आणि मला तो सहन होत नाही. आमची जुंपली की आम्ही दोघी ताईकडे बघतो. ताई काय म्हणते? "आता आईचं म्हणणं तू सांग, आणि आई, तू हिचं सांग." आई भडकते. "पोटची पोर आहेस की पंच? सरळ सांग ना, हिचं चुकतंय म्हणून!" ताई हसते आणि वर्तमानपत्र उघडते. अशा माणसाशी भांडताही येत नाही हो.

हे एकमेकांचं म्हणणं सांगायला लावणं हीच तिची कामाची रीत, हे मला पुढे कळलं. तिच्याकडून नाही, तिच्या तोंडात मिठाची गुळणी. एक इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक मला स्वतः म्हणाले, "माझी गोष्ट आहे, मी कुणालाही सांगेन." ते आणि त्यांचे सहकारी एका खोलीत बसायचे. खिडकी एकच. यांना ती बंद हवी, त्यांना उघडी. त्यावरून बोलणं बंद झालं, मग निरोप शिपायामार्फत जायला लागले, मग शिपायानेच बदली मागितली. शेवटी दोघं ताईच्या गोल टेबलाशी आले. ताई यांना म्हणाली, "सर, त्यांना खिडकी उघडी का हवी ते तुम्ही सांगा. ते 'बरोबर' म्हणेपर्यंत सांगत राहा." हे म्हणाले, "खोडसाळपणा, दुसरं काय!" ते म्हणाले, "चूक." हे म्हणाले, "गरम होतं." ते म्हणाले, "चूक." असं बराच वेळ चाललं. शेवटी यांनी विचारलं, "मग का हो?" असं सरळ विचारायची त्यांची ही पहिलीच वेळ. तेव्हा ते गृहस्थ खाली बघत म्हणाले, की माझी बायको खालच्या बालवाडीत शिकवते. घरी जाताना ती वर बघून हात करते. आणि आमच्या निवृत्तांना खिडकी बंद का हवी होती? बाहेरच्या गोंगाटात त्यांना विद्यार्थ्यांचं बोलणं ऐकू येईनासं झालं होतं आणि ते त्यांनी जगापासून लपवलं होतं. आता कानात यंत्र घालून मजेत फिरतात. "त्या बाई सबंध वेळात चार वाक्यं बोलल्या असतील," ते मला म्हणाले. मी विचारलं, "मग त्यांना रस्त्यात नमस्कार का नाही करत?" तर इकडे-तिकडे बघायला लागले.

तर अशी ही खोली बंद करायचं निघालं.

त्याचं असं झालं, की दरवर्षी प्रत्येक विभाग आपल्या कामाचा अहवाल देतो. लोक फोटो लावतात, रंगीत आलेख काढतात, पाहुण्यांच्या गळ्यात हार घालताना स्वतःचा चेहरा दिसेल याची काळजी घेतात. ताईचा अहवाल अर्ध्या पानाचा. 'खोली वर्षभर वापरात होती. पाण्याच्या टाकीजवळच्या वाटेवर दिवा लावावा, बरेच तंटे कमी होतील.' संपलं. नवे कुलगुरू आले, त्यांनी हे अर्धं पान उलटून पाहिलं, मागे काही आहे का म्हणून. मग म्हणाले, या कार्यालयाचा उपयोग काय ते एकदा ठरवून टाका. ठेवायचं की नाही, समितीने सांगावं.

समिती पाच जणांची. अध्यक्ष आमचे कुलसचिव. ते प्रत्येक वाक्य 'तसं बघितलं तर' पासून सुरू करतात आणि शेवटपर्यंत कशाकडेच बघत नाहीत. मग मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टरबाई. रसायनशास्त्राचे विभागप्रमुख. विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधी, चष्म्याआड कायम घाबरलेला. आणि पाचवे क्रीडा संचालक, ज्यांना सगळं विद्यापीठ पाठीमागे 'शिट्टी' म्हणतं, कारण ती त्यांच्या गळ्यातून लग्नकार्यातही निघत नाही. शिट्टींना ती खोली हवी होती. त्यांच्या कसरतीच्या गाद्या व्हरांड्यात पडून कुजत होत्या, आणि हे त्यांनी समितीतल्या प्रत्येकाला आधीच गाठून सांगितलं होतं.

इतिवृत्त लिहायला मी. कुलसचिवांच्या कचेरीत सभांची टिपणं मीच घेते. "साहेब, मी सख्खी बहीण आहे," मी सांगून पाहिलं. ते म्हणाले, "तसं बघितलं तर, बाई, तुम्हाला मत नाहीये. फक्त पेन आहे."

सभेच्या आधीच्या दिवसांत घरी ताईला जेवण जाईना. ती आधी भूगोल शिकवायची. ती जागा केव्हाच दुसऱ्या कुणाला गेलेली. खोली गेली की ती घरी बसणार, हे तर होतंच. पण एकदा चहा घेताना ती एकदम म्हणाली, "मला कधी कळतच नाही गं, उपयोग झाला की नाही ते. गेलेलं माणूस परत येऊन सांगत नाही. कदाचित कुलगुरूंचंच बरोबर असेल." मी म्हटलं, "असं कसं? ते खिडकीवाले?" ती म्हणाली, "कोण खिडकीवाले?" चेहऱ्यावर रेघ हलली नाही बघा. मला हसावं की रडावं कळेना.

सभेत आधी ताईला बोलावलं. कुलसचिव म्हणाले, "तसं बघितलं तर, मॅडम, नाव नको, पण एखादं उदाहरण द्या. अमुक भांडण होतं, तमुक मिटलं. एवढं पुरे." पाचही माणसं टेबलाकडे बघत होती. ताई म्हणाली, "नाव न घेताही ओळखू येईल, सर. इथं सगळे सगळ्यांना ओळखतात. कोण आलं होतं तेच काय, कुणी आलं होतं की नाही, हेही मी सांगत नाही." मला टेबलावर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. अगं बये, एक तरी सांग! कुलसचिवांनी मात्र रोखून धरलेला श्वास सोडला, तो मला बाजूला बसून ऐकू आला. मग ताईला बाहेर बाकावर बसायला सांगितलं आणि चर्चा सुरू झाली.

शिट्टी उभेच राहिले. "मी त्या खोलीत कधी पाऊलही टाकलेलं नाही! टाकायची गरजच काय? खेळाडू माणूस मैदानात भांडतो आणि मैदानात हात मिळवतो. इथं माझ्या गाद्या कुजतायत." रसायनवाले म्हणाले, "अगदी बरोबर. शिकलेल्या माणसांनी आपापसात बोलावं. तिसरं माणूस कशाला मध्ये?" रेक्टरबाई म्हणाल्या, "आमच्या वसतिगृहात भांडणंच होत नाहीत." यावर विद्यार्थी प्रतिनिधीला ठसका लागला. त्याला बोलायला सांगितलं तर तो म्हणाला, "मुलं जातच नाहीत तिकडे. म्हणजे, असं ऐकलंय." एकाहून एक मोठ्या आवाजात. मी लिहीत होते आणि माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या.

तेवढ्यात रेक्टरबाई जोशात आल्या. "आणि ती खोली तरी कसली? माणूस मनातलं बोलणार कसा? ती खुर्ची एवढी करकरते!"

रसायनवाले पटकन म्हणाले, "खुर्ची नव्हे हो, पंखा. टक् टक् करतो."

रेक्टरबाईंनी रसायनवाल्यांकडे बघितलं. रसायनवाल्यांनी बिस्किटांच्या ताटलीकडे बघितलं. प्रतिनिधी बिचारा मदत करायला गेला आणि म्हणाला, "दोन्ही वाजतात," आणि मग त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. कुलसचिव घाईघाईने पाणी प्यायले आणि म्हणाले, "तसं बघितलं तर, मतदानच घेऊया. हात वर करून."

"नको!" पाचही जण म्हणाले. हो, पाचही, त्यात स्वतः अध्यक्षही होते. गुप्त मतदान व्हावं यावर मात्र समितीचं लगेच एकमत झालं.

मी कागदाचे तुकडे केले आणि वाटले. प्रत्येकाने हाताचा आडोसा करून लिहिलं, परीक्षेत हुशार पोरं लिहितात तसं. घड्या बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात पडल्या. मी एकेक उघडली. पहिलीवर 'ठेवावे'. दुसरीवर 'ठेवावे'. तिसरी, चौथी, तेच. मग पाचवी उघडली. 'ठेवावे', आणि खाली दोन रेघा.

कुलसचिवांनी माझ्या हातातून डबा घेतला आणि स्वतः मोजलं. मग सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले. प्रत्येकाने मनाशी ठरवलं असणार, की आपण एकटेच वेडे. आपलं एक मत टाकू, हरू, आणि मोकळे होऊ. आता पाचांचे पाच चेहरे असे झाले होते, जणू एकाच न्हाव्याने सगळ्यांची एकदम मिशी काढलीय. शिट्टी गळ्यातल्या दोरीशी चाळा करत भिंतीकडे बघत होते. कुलसचिव मला म्हणाले, "फक्त 'चालू ठेवावे' एवढंच लिहा. आकडा बाहेर जाता कामा नये. कुणालाही नाही. तुमच्या बहिणीलाही नाही." मी शब्द दिला. डोळ्यांत पाणी असताना माणूस काहीही कबूल करतो.

संध्याकाळी मी धावतच घरी आले. ताई जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत बसली होती, आई टीव्हीपुढे. 'चालू ठेवावे' हा निरोप तिला मिळाला होता. मी म्हटलं, "अगं, हस की!" ती म्हणाली, "मी उद्या जाऊन सांगून येणार आहे. नको मला ते काम."

"काय?"

"बाहेरच्या बाकावर सगळं ऐकू येतं. दार पातळ आहे." ती शेंग सोलत राहिली. "एकेक जण बोलला. एकेक जण. मग दया आली असेल, सख्खी बहीण समोर लिहायला बसलेली. दोन-तीन मतांनी वाचवली असेल त्यांनी. मला दयेची खोली नकोय." आणि इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा पाहिलं, तिच्या डोळ्यांतून टपकन थेंब मटारांत पडला.

आता माझी परिस्थिती बघा. सांगावं तर शब्द मोडतो. न सांगावं तर ही उद्या जाऊन राजीनामा देते. मी ओठ घट्ट मिटले. पाण्याचा पेला प्यायले. स्वयंपाकघरात गेले, परत आले. ताई म्हणाली, "हे बघ, गुप्त मतदान आहे. तू मला काही सांगायचं नाहीस, आणि मी विचारणारही नाही." हे ऐकून माझं टाळकंच सरकलं.

"पाच!" मी ओरडले. "पाचपैकी पाच! सगळ्यांनी ठेवा म्हणून लिहिलंय, बाई! तोंडाने बोंब मारली ती एकमेकांना दिसू नये म्हणून!"

आईने टीव्ही बंद केला. स्वतःहून. ताई आधी माझ्यावर चिडली, खूप चिडली. "तुला हे सांगायचा काही अधिकार नव्हता," वगैरे. बोलता बोलता तिचा आवाज बारीक होत गेला. मग म्हणाली, "सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी."

"क्रीडावाल्यांनीसुद्धा?"

"त्यांनीसुद्धा. ज्यांना गाद्या ठेवायच्यात त्यांनीसुद्धा."

"अगं, पण तो तर माझ्यावर संतापून, दार आपटून गेला होता!"

हे वाक्य तिच्या तोंडून बाहेर पडलं आणि ताईने दोन्ही हात तोंडावर दाबले. सगळ्या नोकरीत फुटलेलं तिचं हे एकमेव वाक्य. मी म्हटलं, "मी काही ऐकलं नाही." आई म्हणाली, "मी मात्र सगळं ऐकलं हं."

ताई हसत होती आणि रडतही होती. ओढणीने डोळे पुसत होती, की पुन्हा भरून येत होते. तिला वाटत होतं, त्या एका माणसाच्या बाबतीत आपण साफ हरलो. बऱ्याच वेळाने ती हळूच, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "म्हणजे त्यालाही उपयोग झाला होता."

मग तिने उरलेल्या शेंगा पुढे ओढल्या. "उद्या मला लवकर निघायचंय," ती म्हणाली. "दोघं यायचेत."

"कोण दोघं?" आईने आणि मी एकदम विचारलं.

ताईने ताट उचललं आणि ती ओट्याकडे गेली.